छताखालचं व्हेनिस

व्हेनिसला जाणार असल्याचं आसावरीनं इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की ते रद्द झाल्याचं सांगायला निघाली असती तर पुन्हा तेवढेच दिवस लागले असते. म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नाही.

सांगायची सुरुवात गणपतीत झाली. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, मंडळाच्या आरतीनंतर पेपर प्लेटमध्ये मसालेभात घेऊन उभ्या असलेल्या बायकांत कुणाची जपानची ट्रिप झाली होती, कुणाची आइसलँडची. तेव्हा आसावरी म्हणून गेली, की एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला वीस वर्षं होतात, तर आम्ही व्हेनिसला जातोय. मग घरी येऊन कराडला आईला फोन केला आणि तिलाही सांगितलं. आईनं ते भिशीच्या बायकांना सांगितलं. त्यानंतर व्हेनिस जवळजवळ झाल्यातच जमा होतं.

आसावरी गावातल्या लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात काम करायची. आठवड्याचे वीस तास. मुलांनी उलटीपालटी केलेली डायनासोरची पुस्तकं जागेवर लावून झाली, की ती वरच्या मजल्यावर जाऊन व्हेनिसची पुस्तकं काढायची. त्यातून तिला कळलं, की ते अख्खं शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी ओंडक्यांवर उभं आहे आणि पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून ती लाकडं शेकडो वर्षांत कुजलेली नाहीत. हे वाचल्यावर तिनं चार दिवस ते भेटेल त्याला सांगितलं. निमिष म्हणाला, "आपल्या घरामागच्या डेकची लाकडं सात वर्षांत गेली. व्हेनिसच्या त्या सुताराचा नंबर घे."

निमिष तिचा नवरा. गाडीची सीट पुढे-मागे सरकवायची जी यंत्रणा असते, ती बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. शांत माणूस. कुठल्याही गोष्टीची एक्सेल शीट केल्याशिवाय तो तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. व्हेनिसची शीट त्यानंच केली होती आणि तिच्यात सगळ्यात वरच्या ओळीत, पिवळ्या रंगात, एकच शब्द होता: स्टॅम्पिंग.

त्यांचं दुखणं तिथं होतं. अमेरिकेत राहायचा त्यांचा कागद पक्का होता; दर तीन वर्षांनी कंपनी तो वाढवून घ्यायची. पण पासपोर्टात जो शिक्का असतो, ज्याच्या जोरावर विमानतळावर आत घेतात, तो सहा वर्षांपूर्वी संपला होता. म्हणजे राहायला हरकत नव्हती. जायलाही कुणाची हरकत नव्हती. फक्त परत येता येईल की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. बाहेरच्या एखाद्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यायची, मग शिक्का मिळणार, आणि तो चार दिवसांत मिळेल की आठ महिन्यांत, ते तिथल्या खिडकीतल्या माणसावर. त्यांच्या ओळखीतला अक्षत बहिणीच्या लग्नाला म्हणून दहा दिवस नाशिकला गेला आणि पाच महिने तिथंच अडकला. तोवर त्याची नोकरी गेली आणि त्याचं इथलं सामान मित्रांनी गराजमध्ये नेऊन ठेवलं. ही गोष्ट नोव्हायमध्ये सगळ्यांना पाठ होती. लहान मुलांना बागुलबुवा दाखवावा तसा अक्षत एकमेकांना दाखवला जायचा.

निमिषची योजना अशी, की इटलीतल्याच वकिलातीत शिक्का मारून घ्यायचा. सहल होईल आणि कामही होईल. पण सप्टेंबरात नियम बदलला. आता ज्यानं त्यानं आपापल्या देशातच जाऊन शिक्का घ्यायचा. कंपनीच्या वकीलबाईंनी ईमेल पाठवली, की सध्या परदेश प्रवासाची शिफारस करता येत नाही. निमिषनं ती तीनदा वाचली. मग शीट बंद करून भांडी घासायला उभा राहिला. डिशवॉशर रिकामा असताना.

आता कुणालाही वाटेल, सांगून टाकायचं होतं. मंडळात सांगितलं असतं तर निम्म्या बायकांनी "सेम हियर" म्हणून निःश्वास सोडला असता. पण कराडला कसं सांगणार? कारण कराडला शिक्क्याचं मुळात काहीच माहीत नव्हतं.

सात वर्षं आसावरी माहेरी गेली नव्हती. पहिली दोन वर्षं कोविडची, ती सगळ्या जगाची होती. नंतर मात्र ती आणि निमिष मिळून कारणं शोधायला लागले. निमिषची नोकरी बदलली, नवीन ठिकाणी सुट्टी नाही. मुलीची, कादंबरीची, परीक्षा. तिकिटं फार महाग. शिक्क्याचं नाव मात्र निमिषनं काढू दिलं नाही. त्याचे वडील कोविडात गेले आणि त्यानं सगळे विधी स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिले. आई आधीच गेलेली. त्यानंतर अडकलोय हा शब्दच त्याला सोसेना. आपण इथं आपल्या मर्जीनं राहतोय, हवं तेव्हा उठून जाऊ शकतो, असं निदान एका तरी माणसाला वाटत राहायला हवं, आणि ते माणूस म्हणजे त्याच्या लेखी सासूबाई होत्या. आसावरीलाही ते सोयीचं वाटलं. आईला काळजी नको, असं ती स्वतःला सांगायची.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, अठरा मे. रुपालीला, म्हणजे आसावरीच्या धाकट्या भावजयीला, लॅबमध्ये चारपेक्षा जास्त दिवस रजा मिळत नाही. "पंधरा दिवस जमलं तर बघ," आई म्हणाली. आई कराडच्या पोस्टात बत्तीस वर्षं काउंटरला होती. मागणं असो की तक्रार, एका वाक्यात संपवायची. आसावरी म्हणाली, निमिषच्या कंपनीत मेमध्ये फार काम असतं, रजेचं कठीण आहे. आई म्हणाली, बरं. इटलीचा विषय तिनं काढला नाही, हिनंही काढला नाही. आई विसरली असेल, असं आसावरीनं धरून चाललं. आई तिच्या काउंटरवरच्या माणसांची खाते क्रमांकासकट आठवण सांगायची, हे मात्र त्या वेळी तिला सोयीनं आठवलं नाही.

मार्चमध्ये एका रविवारी निमिष तिच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसला. एप्रिलची रजा मंजूर झालेली होती, ती फुकट जाणार होती. त्यानं नवीन शीट केली होती. वर नाव तेच होतं, व्हेनिस. खाली शहर होतं लास वेगास.

तिथं एका अवाढव्य हॉटेलात दुसऱ्या मजल्यावर व्हेनिसचे कालवे बांधलेत. पूल आहेत, नावा आहेत, नावाडी गाणी म्हणतात. "डोमेस्टिक फ्लाइट," निमिष म्हणाला. "शिक्का लागत नाही."

त्यांची मुलगी कादंबरी अकरावीत होती. ती फ्रिजमधून दही काढताना मागून स्क्रीनकडे बघून म्हणाली, "दॅट्स लिटरली अ मॉल, बाबा."

आसावरी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. म्हणजे जायचं ठरलं, हे निमिषला न सांगता कळलं.

वेगासला पोचेपर्यंत तिनं आपली तयारी करून ठेवली होती, की काही आवडून घ्यायचं नाही. पण आत शिरल्यावर ते तिला तितकंसं जमेना. जिना चढून वर गेलं की एकदम संध्याकाळ होत होती. बाहेर वाळवंटातलं टळटळीत ऊन, आणि इथं छतावर रंगवलेलं फिकट निळं आभाळ, कडेला गुलाबी होत गेलेले ढग, खिडक्यांतून दिवे लागलेले. कालव्याच्या पाण्याला स्विमिंग पूलचा वास होता आणि रंगही तोच. पुलावर एक बाई अंगाला पांढरा रंग लावून पुतळ्यासारखी उभी होती. तिचं नाक खाजत असावं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. आसावरीला पुस्तकांतून पाठ झालेला मोठा पूल इथं होता, घंटेचा मनोराही होता, आणि खऱ्या शहरात एकमेकांपासून वीस मिनिटं लांब असलेल्या गोष्टी इथं अंगणातल्या शेजारणींसारख्या जवळजवळ बसल्या होत्या. चालावं लागत नव्हतं, ही एक चांगली बाजू. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बरं आहे, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तो विचार तिथंच सोडला.

नावेत बसल्यावर तिनं फोनवरच्या ॲपवर शिकलेलं इटालियन नावाड्यावर चालवून पाहिलं. तुमचं घर कुठं आहे, एवढं तिनं नीट विचारलं. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला तो उंच मुलगा हसला आणि इंग्रजीत म्हणाला, की मॅम, मी इथलाच, आयडाहो राज्याचा. मग त्यानं त्यांना समजावलं, की प्रत्येक पुलाखाली नवरा-बायकोनं एकमेकांचा मुका घ्यायचा असतो, म्हणजे प्रेम टिकतं. पहिला पूल आला. वर माणसं फोन काढून उभी. निमिषनं खूप विचार केल्यासारखा चेहरा केला आणि आसावरीच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद देतात तसा. नावाडी म्हणाला, हे पहिल्यांदाच पाहतोय. आसावरी इतकी हसली की नाव हलली. नावेत बसतानाच निमिषनं धक्क्यावरच्या एका बाईच्या हाती फोन दिला होता, तिनं नेमका तोच फोटो काढला. मागे पूल, पुलावर आभाळ, पुढे हसणारी आसावरी.

चांगला फोटो होता. चाळिशी उलटल्यावर असा फोटो दोन-चार वर्षांतून एकदाच येतो. तीच तर पंचाईत झाली.

साडेपाचला ते चौकात कॉफी घेऊन बसले. आसावरीनं फोन उघडला तर 'आपली माणसं' या माहेरच्या ग्रुपवर एकोणतीस मेसेज. वर तो फोटो, आणि खाली निमिषनं लिहिलेलं: 'व्हेनिसमध्ये. वीस वर्षं पूर्ण.' कराडला पहाट झालेली. मामा, मावश्या, चुलत भावंडं, सगळे जागे होऊन हार-फुलं टाकत होते. एका मावशीनं विचारलं होतं, पाणी इतकं स्वच्छ कसं ठेवतात.

"हे काय केलंस?" आसावरी म्हणाली.

"काय केलं? बोर्डावर व्हेनिसच लिहिलंय." मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, की सगळ्यांना माहीत होतं आपण जाणार, कुणी ना कुणी विचारणारच होतं, विषय संपला. तो हे बोलताना कपातला फेस चमच्यानं ढवळत होता. त्याचं त्यालाही ते पटलं नसावं.

आईचा मेसेज सगळ्यात शेवटी होता. 'छान. जपून.' रोज सकाळी ती ग्रुपवर बागेतलं एक फूल टाकायची, आज ते नव्हतं.

सात वाजून गेल्यावर रुपालीचा फोन आला. रुपाली भावाशी लग्न होऊन आली तेव्हापासून आसावरीला ताई म्हणायची आणि तिच्याशी जपून बोलायची. आजही आधी अभिनंदन केलं, फोटोतल्या कुर्त्याचं कौतुक केलं. मग म्हणाली, "ताई, एक सांगू का? रागावू नका. आईंनी सकाळी डॉक्टरांकडे फोन करायला लावला मला. ऑपरेशन पुढे ढकला म्हणाल्या. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या."

आसावरीनं विचारलं, का?

"काही बोलल्या नाहीत. तुमचा फोटो मोठा करून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, प्रत्येकाला आपापलं आयुष्य असतं, आपण कुणाच्या मध्ये यायचं नाही. मला जिना चढायला धरावं लागतं हो त्यांना, ताई. रात्री पाय दाबून देते तरी झोप लागत नाही. दिवाळीपर्यंत कसं काढणार? तुम्ही एकदा बोला. मी फोन केल्याचं सांगू नका."

फोन ठेवल्यावर आसावरी बराच वेळ समोर बघत राहिली. समोर जादूचे खेळ करणारा एक माणूस होता, त्यामुळे ती तेच बघतेय असं निमिषला वाटलं. तिनं त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "माझी चूक आहे."

"तू काय सांगणार?"

"की कंपनीनं पाठवलं. कामासाठी. तिकीट कंपनीचं होतं."

आसावरीनं त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांत तिला या माणसाचा राग यायचा तेव्हा सोबत कीवही यायची, आणि मग दोन्ही मिळून काहीच व्हायचं नाही. आज तिला फक्त दमल्यासारखं वाटलं. "निमिष, आई दिवाळीपर्यंत पाय धरून बसणार आहे," ती म्हणाली, "आणि तिला वाटतंय की मी तिच्याऐवजी व्हेनिस निवडलं. मी तिला खरं सांगणार आहे. तुला चालणार नसेल तर तू तिकडे जाऊन बस."

तो तिकडे गेला नाही. खुर्ची थोडी मागे सरकवून तिथंच बसला.

तिनं व्हिडिओ लावला. आई हॉलमध्ये लाकडी खुर्चीत होती, पाय स्टुलावर. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, चेहरा काउंटरवरचा. "बोल," ती म्हणाली. "तिथं आता किती वाजले?"

"आई, मी इटलीत नाहीये."

आईनं स्क्रीन डोळ्यांजवळ घेतली.

आसावरीनं फोन उलटा करून वर धरला. "हे बघ. हे आभाळ रंगवलेलं आहे. ते गोल गोल दिसतंय ना, ते दिवे आहेत. आग लागली तर पाणी सोडायची तोटी आहे ती. हे अमेरिकेतच आहे, एका हॉटेलात. आम्ही इटलीला गेलोच नाही."

"मग पाऊस बिऊस नाही तिथं," आई म्हणाली.

मग आसावरीनं सगळं सांगितलं. क्रम चुकत गेला. आधी अक्षतचं सांगितलं, मग वकीलबाईंचं, मग शिक्क्याचं. सहा वर्षांपूर्वी शिक्का संपला, तेव्हापासून बाहेर पाऊल टाकायची भीती. रजा नाही म्हणाले ते खोटं होतं. परीक्षा खोटी होती, म्हणजे परीक्षा होती, पण कारण ते नव्हतं. मध्येच तिला रडू आलं, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईनं न बोलता नॅपकिनचा गठ्ठा पुढे केला.

आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "शिक्क्याला किती वेळ लागतो ते मला नको सांगूस. बत्तीस वर्षं मारलेत." मग चष्मा काढून पदरानं पुसत राहिली. पुसून झाल्यावरही तो घातला नाही. "दोन महिने मी स्वतःची समजूत घालत होते बघ. नोकरीवाल्या माणसांना रजा नसते, इटलीसुद्धा राहिलं असेल त्यांचं. आज पहाटे तुमचा फोटो आला आणि माझी समजूतच गेली. तू हसत होतीस इतकी. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं."

"आई..."

"थांब. मला एक नीट कळू दे." आईनं चष्मा घातला. "निमिषराव बाहेर गेले आणि शिक्का अडकला, तर त्यांची नोकरी जाईल. बरोबर?"

"हो."

"आणि तू त्यांच्या कागदावर आहेस."

"हो."

"मग तू एकटी आलीस आणि तुझा शिक्का अडकला, तर त्यांची नोकरी जाते का?"

आसावरीला उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं होतं. इतकी वर्षं ती आम्ही म्हणत आली होती. आम्ही अडकलोय, आम्हाला येता येत नाही, आमचा शिक्का संपलाय. त्या आम्हीमध्ये तिची जागा नेमकी कुठं होती, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

"नाही जात," ती म्हणाली.

आईनं मान हलवली. रागावली नाही, दुखावल्यासारखीही दिसली नाही. एखाद्या फॉर्मवरची राहिलेली जागा भरून घेतल्यासारखं तिचं झालं. मग लगेच, जणू आपण फार विचारलं असं वाटून, म्हणाली, "मी आपलं विचारलं. काउंटरची सवय. तू येऊ नकोस हं. पोरीची अकरावी आहे, सहा महिने आईशिवाय कसं राहील ते? ऑपरेशन मी करून घेते. रुपालीला सांगते डॉक्टरांना परत फोन कर म्हणून. मला फक्त हे कळायला हवं होतं." मग तिनं निमिषरावांना द्यायला सांगितलं. निमिषनं दोन्ही हातांनी फोन धरला. सासूबाई म्हणाल्या, वीस वर्षं झाली, सुखी राहा, आणि त्या आभाळाकडे फार बघत बसू नका, मानेला कळ लागते. तो हो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर दोघं बसून राहिले. इथं किती वाजलेत ते आभाळाकडे बघून कळायची सोय नव्हती. ढग दुपारी होते तिथंच होते. आसावरीला वाटलं होतं, खरं सांगितलं की मोकळं वाटेल. पण आईच्या तोंडून 'येऊ नकोस' वदवून घेऊन ती स्वतः सुटली होती, एवढंच झालं होतं. आई पुन्हा एकदा तिच्यासाठी बाजूला झाली होती.

"तुला माहीत होतं," ती निमिषला म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

त्यानं नाही म्हटलं नाही. "वकीलबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. डिपेंडंट बायको एकटी गेली तर माझ्या केसला काही होत नाही म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

निमिषनं पेपर कपाची कड दाबून चपटी केली. "बोललो असतो तर तू गेली असतीस."

तिला राग यायला हवा होता. तिनं शोधला. पण तो आला तर अर्धा स्वतःवरच निघणार होता. तीही लायब्ररीत बसून शेकडो पानं वाचत होती, पाण्याखालच्या लाकडांची सगळी माहिती काढत होती, आणि हे एक पान तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं. वकीलबाईंचा नंबर फ्रिजवर लावलेला होता. तिला अंदाज नव्हता असं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याची तिला भीती होती. सहा महिने घर, कादंबरी आणि हा कपाची कड दाबणारा माणूस सोडून राहावं लागेल, कदाचित वर्ष.

"भाजी कोण करेल?" निमिष म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे मी करेन. मला वांगं येतं."

"तुला फक्त वांगं येतं."

"कादंबरी वांगं खात नाही," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आसावरीनं कादंबरीला फोन लावला. मिशिगनला रात्र झाली होती, ती मैत्रिणीकडे होती. आसावरीनं तिला मराठीतून आणि थोडं इंग्रजीतून सगळं सांगितलं, आजीचा गुडघा, शिक्का, एकटीनं जाणं.

"लाइक, कम बॅक व्हेन?" कादंबरीनं विचारलं.

"माहीत नाही, राजा. ऑगस्ट. नाहीतर डिसेंबर. खरंच माहीत नाही."

"यू रियली डोन्ट नो, ऑर यू डोन्ट वॉन्ट टू टेल मी?"

"खरंच माहीत नाही. यापुढे माहीत असेल ते सांगेन."

कादंबरी म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, "कॅन आय हॅव युअर कार?"

आसावरी म्हणाली, हो. मग दोघी थोडं रडल्या आणि गाडीच्या चाव्या कुठं आहेत, पेट्रोल किती ठेवायचं असतं, बर्फात ब्रेक कसा दाबायचा, यावर दहा मिनिटं बोलल्या. मे महिन्यात जाणाऱ्या बाईनं बर्फातला ब्रेक शिकवायला घेतला होता, हे दोघींच्याही लक्षात आलं होतं. दोघीही त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

निमिषनं तोवर लॅपटॉप काढला नव्हता, शीट उघडली नव्हती. फोनवरच विमान कंपनीचं पान लावून बसला होता. नावाड्यांची पाळी बदलत होती. आयडाहोचा मुलगा खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या बाजूनं गेला आणि त्यानं निमिषला बघून आपल्याच डोक्यावर हात ठेवून दाखवला.

"ऑपरेशन अठराला," निमिष म्हणाला. "तेराची आहे. डेट्रॉइटहून मुंबई, एक स्टॉप."

"तेराची घे."

त्यानं तिचं नाव भरलं, जन्मतारीख भरली, पासपोर्टचा नंबर तर त्याला पाठच होता. पान खाली गेलं. तिथं जाण्याची तारीख आणि परतीची तारीख असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. परतीचा भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. त्यानं वर जाऊन फक्त जाण्याचं तिकीट निवडलं. दुसरा रकाना नाहीसा झाला. आता एकच बटण दाबायचं राहिलं होतं आणि निमिषचा अंगठा त्याच्यावर नुसता टेकून राहिला.

आसावरीनं त्याला घाई केली नाही. खुर्ची त्याच्या जवळ ओढून घेतली आणि थांबली.